दोन बेटांवरच्या शहरांमधले हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

बेटावरच्या एका शहरातून दुसऱ्या बेटावरच्या शहरात जायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो अंतराचा, आणि त्याला चिकटूनच दुसरा, किती वेळ लागेल हा. हे दोन प्रश्न एकाच दमात विचारले जातात. उत्तर मात्र तीन वेगवेगळ्या आकड्यांत असते: दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर, विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ, आणि आपण दारातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा एकूण वेळ. मुख्य भूमीवरच्या शहरांमध्ये हे आकडे साधारण एकमेकांच्या प्रमाणात राहतात. बेटांच्या बाबतीत त्यांचा एकमेकांशी संबंध पुष्कळदा तुटतो.

मालदीवमधील माले आणि मॉरिशसमधील पोर्ट लुई ही जोडी घ्या. दोन्ही शहरे हिंदी महासागरातली आणि त्यांच्या विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ३,२४० किलोमीटर. एवढे अंतर जेट विमान साडेचार तासांच्या आत कापते. पण दुबईमार्गे जावे लागले, तर माले ते दुबई सुमारे ३,०४० आणि दुबई ते मॉरिशस सुमारे ५,०६० किलोमीटर, म्हणजे एकूण ८,१०० किलोमीटर विमानात बसावे लागते. यात उड्डाणाचेच दहा-साडेदहा तास जातात आणि दुबईतली प्रतीक्षा वेगळी. ३,२४० हा आकडा बरोबर असतो, पण प्रवाशाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या क्रमाने करणे आणि प्रत्येक आकडा त्याच्या स्वतंत्र रकान्यात लिहिणे मला सर्वात सुरक्षित वाटते.

हाताशी काय काय हवे

• दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड.
• दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश, दशांश पद्धतीत.
• साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर. मोबाइल आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये तो दिसतो.
• दोन्ही ठिकाणांची प्रमाणवेळ, यूटीसीपासूनच्या फरकात. यूटीसी म्हणजे जगभरातल्या घड्याळांची समान आधारवेळ.
• विमान कंपनीचे चालू हंगामाचे वेळापत्रक.
• कागद आणि पेन्सिल. मोबाइलच्या पडद्यावर हे सगळे एकाच वेळी डोळ्यांसमोर राहत नाही.

१. शहराच्या नावावर थांबू नका, विमानतळ निश्चित करा

अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळांवर शहराचे नाव टाकले की ती बहुधा शहराच्या मध्यबिंदूपासून मध्यबिंदूपर्यंतचे अंतर देतात. विमान मात्र विमानतळावरून उडते आणि बेटांवर विमानतळ शहरापासून बराच दूर असू शकतो. आइसलँडमधला केफ्लाविक विमानतळ रेक्याविकपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, तर देशांतर्गत उड्डाणांचा छोटा विमानतळ थेट शहरातच आहे. टोकियोचा हानेदा विमानतळ शहराला लागून आहे आणि नारिता सुमारे ६० किलोमीटर दूर. तैपेईलाही सोंगशान आणि ताओयुआन असे दोन विमानतळ आहेत.

याहून मोठा सापळा सारख्या नावांचा. बेटांवरची कितीतरी शहरे एकाच राजघराण्याच्या किंवा एकाच संताच्या नावाने वसवली गेली, त्यामुळे नावे पुन्हा पुन्हा येतात. व्हिक्टोरिया ही सेशेल्सची राजधानी आहे आणि कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या शहराचेही तेच नाव आहे. दोन्ही बेटांवरचीच शहरे असल्याने ‘बेटावरचे व्हिक्टोरिया’ म्हणूनही गोंधळ मिटत नाही. पहिल्याचा कोड एसईझेड, दुसऱ्याचा वायवायजे. जॉर्ज टाउन मलेशियातल्या पेनांग बेटावर आहे आणि केमन बेटांवरही आहे. त्यांचे कोड अनुक्रमे पीईएन आणि जीसीएम. सेंट जॉन्स अँटिग्वा बेटावर आहे आणि न्यूफाउंडलँड बेटावरही आहे. तिथे कोड एएनयू आणि वायवायटी. तिकीट काढताना शहराच्या नावाऐवजी कोड टाकण्याची सवय लावून घ्यावी.

२. अक्षांश-रेखांश चिन्हांसह लिहून घ्या

उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश अधिक चिन्हाने, तर दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे चिन्हाने लिहावेत. होनोलुलूचा विमानतळ अक्षांश अधिक २१.३२, रेखांश उणे १५७.९२ वर आहे. ऑकलंडचा विमानतळ अक्षांश उणे ३७.०१, रेखांश अधिक १७४.७९ वर आहे. एक चिन्ह विसरले तर उत्तर हजारो किलोमीटरने चुकते, आणि वाईट म्हणजे चुकलेले उत्तरसुद्धा दिसायला शक्य कोटीतले असते.

प्रशांत महासागरातल्या बेटांसाठी आणखी एक खबरदारी लागते. दोन शहरे १८० अंश रेखावृत्ताच्या दोन बाजूंना असतील, तर रेखांशांची सरळ वजाबाकी करून भागत नाही. फिजीमधला नांदी विमानतळ १७७.४४ पूर्व रेखांशावर आणि सामोआमधल्या आपियाचा फालेओलो विमानतळ १७२.०० पश्चिम रेखांशावर आहे. सरळ वजाबाकीने फरक ३४९.४४ अंश येतो. वजाबाकीचे उत्तर १८० पेक्षा मोठे आले की ते ३६० मधून वजा करायचे, इथे १०.५६ अंश उरतात आणि तोच खरा फरक.

३. अंतर काढा

पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा दोन बिंदूंमधला सर्वात जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. म्हणजे असे वर्तुळ, ज्याचा मध्य पृथ्वीच्या मध्यबिंदूशी जुळतो. सपाट नकाशावर हा मार्ग वाकडा दिसतो, आणि नकाशावर पट्टीने काढलेली सरळ रेषा प्रत्यक्षात लांबचा मार्ग असते. विषुववृत्तापासून दूर असलेल्या आणि पूर्व-पश्चिम पसरलेल्या जोड्यांमध्ये हा फरक ठळक होतो.

जवळच्या शहरांसाठी, साधारण दीड हजार किलोमीटरपर्यंत, एक सोपी रीत पुरेशी पडते. अक्षांशांतला फरक घ्यावा. रेखांशांतला फरक घेऊन त्याला दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या कोसाइनने गुणावे. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करावी, वर्गमूळ काढावे आणि आलेल्या अंशांना १११.२ ने गुणावे. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्यामुळे ६० ने गुणले तर उत्तर सागरी मैलांत मिळते.

कोलंबो आणि माले यांचे उदाहरण करून पाहू. कोलंबोचा विमानतळ ७.१८ उत्तर, ७९.८८ पूर्व, मालेचा ४.१९ उत्तर, ७३.५३ पूर्व. अक्षांशांतला फरक २.९९, रेखांशांतला ६.३५. सरासरी अक्षांश सुमारे ५.७ अंश, त्याचा कोसाइन ०.९९५, म्हणून रेखांशाचा दुरुस्त फरक ६.३२. वर्गांची बेरीज ४८.८८, वर्गमूळ ६.९९. अंतर सुमारे ७७७ किलोमीटर, अथवा ४१९ सागरी मैल.

या उदाहरणात कोसाइनने गुणले काय आणि नाही काय, उत्तर फारसे बदलत नाही, कारण दोन्ही ठिकाणे विषुववृत्ताजवळ आहेत. नवशिक्यांना ही पायरी अनावश्यक वाटण्याचे कारणही बहुधा हेच. उत्तरेकडच्या जोडीवर ती गाळून पाहा. केफ्लाविक ते डब्लिन हे अंतर सुमारे १,५०० किलोमीटर आहे. कोसाइन विसरल्यास ते २,१६० किलोमीटर येते. ध्रुवांकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांच्या जवळ येत जातात, हे कोसाइनने गुणण्यामागचे कारण.

लांबच्या शहरांसाठी पूर्ण सूत्र वापरावे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशफरकाचा कोसाइन यांचाही गुणाकार करावा. दोन्हींची बेरीज म्हणजे पृथ्वीच्या मध्यबिंदूपाशी दोन विमानतळांमध्ये होणाऱ्या कोनाचा कोसाइन. त्यावरून (कॅल्क्युलेटरवरच्या cos⁻¹ या बटणाने) कोन अंशांत काढून त्याला १११.२ ने गुणावे. होनोलुलू-ऑकलंडसाठी पहिला गुणाकार उणे ०.२१८८ येतो, दुसरा ०.६६११, बेरीज ०.४४२३. कोन ६३.७५ अंश, अंतर सुमारे ७,०९० किलोमीटर. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर, हे आधी तपासावे. इतकी साधी गोष्ट, पण उत्तर हास्यास्पद आले तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असते.

संकेतस्थळावरचा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा थोडा वेगळा दिसला तर काळजी करू नये. वरचे सूत्र पृथ्वीला पूर्ण गोल मानते, तर अचूक साधने तिचे ध्रुवांजवळचे चपटेपण धरतात. यामुळे साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो आणि सात हजार किलोमीटरमागे तो तीस-पस्तीस किलोमीटर होऊ शकतो. प्रवासाच्या नियोजनात याने काहीच बिघडत नाही. सागरी मैल, साधा मैल आणि किलोमीटर यांची गल्लत मात्र बिघडवते. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो, आणि काही साधने तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापतात.

४. अंतरावरून उड्डाणाचा वेळ काढा

इथे ‘अंतर भागिले वेग’ एवढेच केले तर उत्तर नेहमी कमी येते. विमानाला धावपट्टीपर्यंत जायचे असते, चढायचे असते, उतरताना वेग कमी करायचा असतो आणि धावपट्टीच्या दिशेला वळण घेऊन यायचे असते. वेळापत्रकात छापलेला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेत असण्याचा वेळ त्याहून कमी असतो. ‘विमान तर अमुक तासांतच उतरले, मग तिकिटावर जास्त का’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

माझा ठोकताळा असा: जेट विमानासाठी किलोमीटरला ८०० ने भागावे आणि अर्धा तास मिळवावा. कोलंबो-मालेसाठी ५८ मिनिटे अधिक ३०, म्हणजे दीड तास. नांदी-आपियाचे अंतर सुमारे १,२१० किलोमीटर, म्हणजे दोन तास. लांबच्या उड्डाणात विमान बराच काळ पूर्ण वेगाने जाते, म्हणून तिथे ८०० ऐवजी ८५० घ्यावेत; होनोलुलू-ऑकलंडला त्याने आठ तास पन्नास मिनिटे येतात. सिंगापूर आणि जकार्तासारख्या गजबजलेल्या विमानतळांसाठी आणखी पंधरा-वीस मिनिटे धरावीत. त्या दोघांमधले अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे, ठोकताळ्याने पावणेदोन तासांच्याही आत येते, पण जमिनीवरच्या रांगा आणि आकाशातल्या घिरट्या त्याला पावणेदोनच्या पुढे नेतात.

विमान कोणत्या जातीचे आहे हे पाहणे बेटांवर विशेष गरजेचे, कारण छोट्या बेटांमध्ये पंखे असलेली टर्बोप्रॉप विमाने पुष्कळ चालतात. एटीआर ७२ सारख्या विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. तीनशे किलोमीटरच्या अंतराला याने दहा-पंधरा मिनिटांचाच फरक पडतो आणि कुठले विमान आहे याची चौकशी करण्यात अर्थ नसतो. हजार किलोमीटरला मात्र पाऊण तासाचा फरक पडतो, आणि पुढचे विमान गाठायचे असेल तर तो पाऊण तास मोलाचा ठरतो.

५. वारा जमेस धरा

मध्यम अक्षांशांवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचा पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो अधिक जोरकस होतो आणि त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जपानच्या आकाशात तो विशेष प्रबळ असतो, म्हणून तैपेई आणि टोकियो ही बेटांवरची दोन शहरे याचे उत्तम उदाहरण आहेत.

तैपेई ताओयुआन ते टोकियो नारिता अंतर सुमारे २,१८० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वारा सरासरी ताशी १५० किलोमीटर धरा. टोकियोकडे जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग १,००० होतो आणि सुमारे दोन तास अकरा मिनिटे लागतात. परतताना वेग ७०० आणि वेळ तीन तास सात मिनिटे. दोन्हींत अर्धा तास मिळवला की जाण्या-येण्यातला तासाभराचा फरक डोळ्यांसमोर येतो. जाताना वाचलेला वेळ येताना फिटतो असेही होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून पाच तास आठ मिनिटे लागली असती, वाऱ्यासह पाच तास अठरा लागतात, कारण संथ बाजूला विमान जास्त वेळ वाऱ्याच्या तडाख्यात राहते. विषुववृत्ताजवळच्या सिंगापूर-जकार्तासारख्या जोडीत हा विचार सोडून दिला तरी चालतो.

६. घड्याळ आणि वार यांचा हिशेब यूटीसीतून करा

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून सावकाश जाऊ. तिकिटावरची निघण्याची वेळ निघण्याच्या ठिकाणची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या ठिकाणची असते. त्यांची थेट वजाबाकी करून प्रवासाचा वेळ मिळत नाही. श्रीलंकेची वेळ यूटीसी अधिक साडेपाच, मालदीवची अधिक पाच. कोलंबोहून सकाळी दहाला निघालेले विमान दीड तासाने मालेला उतरते तेव्हा तिथल्या घड्याळात अकरा वाजलेले असतात, आणि मालेहून बाराला निघालेले विमान कोलंबोत दोनला पोहोचते. एकच प्रवास जाताना एक तासाचा आणि येताना दोन तासांचा भासतो.

रीत अशी ठेवावी. निघण्याची स्थानिक वेळ आधी यूटीसीत बदलावी, त्यात उड्डाणाचा वेळ मिळवावा, आणि आलेली यूटीसी वेळ पोहोचण्याच्या ठिकाणच्या वेळेत बदलावी. वार आणि तारीख प्रत्येक पायरीला सोबत लिहावी.

होनोलुलूची वेळ यूटीसी उणे दहा. न्यूझीलंडची प्रमाणवेळ यूटीसी अधिक बारा. होनोलुलूहून सोमवारी दुपारी दोनला निघालो, तर त्या क्षणी यूटीसीत मंगळवारची मध्यरात्र, शून्य वाजले. नऊ तास मिळवले की यूटीसीत मंगळवार सकाळचे नऊ, आणि ऑकलंडमध्ये मंगळवार रात्रीचे नऊ. आता परतीचे पाहा: ऑकलंडहून मंगळवारी रात्री अकराला निघालो, तर यूटीसीत मंगळवार सकाळचे अकरा; नऊ तासांनी यूटीसीत रात्रीचे आठ, आणि होनोलुलूत मंगळवार सकाळचे दहा. निघण्याच्या तेरा तास आधी पोहोचल्याचे तिकिटावर दिसेल. ही छापण्यातली चूक नाही, आणि होनोलुलूतले हॉटेल बुधवारचे आरक्षित केले तर मंगळवारचा मुक्काम रस्त्यावर पडेल.

आंतरराष्ट्रीय वाररेषा १८० अंश रेखावृत्तावरून सरळ जाते असे शाळेच्या नकाशावरून वाटते. प्रत्यक्षात ती देशांच्या सोयीने वाकडीतिकडी वळते आणि अधूनमधून सरकतेही. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवस गाळून रेषेच्या पश्चिमेला उडी घेतली. अमेरिकन सामोआ मात्र पूर्वेलाच राहिले. त्यामुळे आपियाचा फालेओलो विमानतळ आणि पागो पागो यांच्यात अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर असूनही घड्याळात पूर्ण चोवीस तासांचा फरक आहे. बुधवारी सकाळी आपियाहून निघालेला प्रवासी थोड्याच वेळात मंगळवारच्या सकाळी पागो पागोला उतरतो. किरिबातीनेही १९९५ मध्ये आपली पूर्वेकडची बेटे रेषेच्या पश्चिमेच्या गटात घेतली. त्यांपैकी किरितिमातीची वेळ यूटीसी अधिक चौदा आहे, म्हणजे तिथले आणि होनोलुलूचे काटे अगदी सारखे, वार मात्र वेगळा. जुने नकाशे आणि जुनी प्रवासवर्णने या बाबतीत विश्वासाची नाहीत.

उन्हाळी वेळही लक्षात ठेवावी. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असते, होनोलुलू ज्यात येते त्या हवाई बेटांवर ते कधीच बदलत नाही. आइसलँड वर्षभर यूटीसीवर चालते, तर आयर्लंड उन्हाळ्यात एक तास पुढे जाते. एकाच जोडीतला फरक वर्षातून दोनदा बदलतो. म्हणून प्रवासाच्या तारखेचा फरक तपासावा, आजचा नव्हे.

७. थेट उड्डाण आहे का आणि कोणत्या वारी

अंतराच्या साधनाला विमान चालते की नाही हे ठाऊक नसते. ते कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर आणि त्यावरून बेतलेला उड्डाणाचा वेळ ठामपणे सांगते. त्या मार्गावर आजवर एकही प्रवासी विमान गेले नसले तरी सांगते. त्यामुळे विमान कंपनीच्या वेळापत्रकात मार्ग दिसल्याशिवाय तो आकडा नियोजनात घेऊ नये.

बेटांमधल्या बऱ्याच मार्गांवर विमान रोज नसते, आठवड्यातून ठरावीक वारीच असते. एक विमान हुकले की पुढचे तीन दिवसांनी, हा बेटांवरचा नेहमीचा अनुभव. शिवाय जगभरातली वेळापत्रके मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हंगामानुसार बदलतात. या तारखांच्या अलीकडे-पलीकडे जाणे-येणे असेल तर दोन्ही हंगामांची वेळापत्रके पाहावीत.

मध्ये विमान बदलायचे असल्यास सगळा प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावा. दोन वेगळी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. पण पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढे नेण्याची जबाबदारी नसते आणि सामानही स्वतः उचलून पुन्हा द्यावे लागते. पुढचे विमान तीन दिवसांनी असेल तिथे ही बचत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

८. बेटावरच्या विमानतळाची नड ओळखा

मोठ्या भूभागावर हवा बिघडली तर विमान शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या विमानतळावर उतरवता येते. महासागरातल्या एकाकी बेटाजवळ असा पर्याय नसतो. म्हणून अशा ठिकाणी जाणाऱ्या जेट विमानाने पोहोचल्यावर सुमारे दोन तास पुरेल एवढे इंधन शिल्लक ठेवायचे, अशी तरतूद आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. या जास्तीच्या वजनापायी कधी कधी सामान किंवा प्रवासी कमी घेतले जातात, आणि हवामानाचा अंदाज वाईट असेल तर विमान निघतच नाही. दोन इंजिनांच्या विमानांना पर्यायी विमानतळापासून ठरावीक मिनिटांच्या अंतरातच राहावे लागते. त्यामुळेही प्रत्यक्ष मार्ग बृहद्वृत्तापासून थोडा वळू शकतो.

मदेरा बेटावरच्या फुंशालचा विमानतळ डोंगर आणि समुद्र यांच्या मधोमध आहे आणि तिथल्या आडव्या वाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. वारा मर्यादेबाहेर गेला की विमाने शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर किंवा आणखी दूर वळवली जातात. फुंशाल ते अझोरेसमधील पोंता देल्गादा हे अंतर हजार किलोमीटरहून कमी आहे, पण अशा दिवशी ते अंतर कागदावरच राहते. वाऱ्याच्या किंवा चक्रीवादळांच्या हंगामात परतीच्या मोठ्या प्रवासाआधी एक रात्र मोकळी ठेवावी.

९. दारापासून दारापर्यंतचा वेळ जोडा

आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचणे, विमानतळापर्यंतचा रस्ता, उतरल्यावर पारपत्र तपासणी, सामान आणि शहरापर्यंतचा रस्ता हे सगळे मिळून दीड तासाचे उड्डाण सहज सात तासांचे होते. मालेचा विमानतळ शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. २०१८ मध्ये सिनामाले पूल झाल्यापासून शहरात गाडीने जाता येते, आधी फेरीबोटच होती. तिथून पुढे दूरच्या बेटावर जायचे असेल तर सागरी विमान लागते, आणि ही विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. संध्याकाळी मालेला उतरणाऱ्या प्रवाशाची रात्र मालेतच जाते, आणि एका मुक्कामाचा खर्च हिशेबात येतो.

बेटांवरच्या देशांत जैवसुरक्षा तपासणीही कडक असते. न्यूझीलंडमध्ये बॅगेत राहिलेले फळ जाहीर केले नाही तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. खाण्याच्या वस्तू जाहीर केल्या तर रांग थोडी लांबते, दंड होत नाही. बाहेर पडायला एक ते दीड तास धरावा.

१०. कागदपत्रे

• पारपत्र: प्रवासानंतर किमान सहा महिने वैध असावे, कारण अनेक देश आणि त्यामुळे विमान कंपन्याही ते तपासतात.
• परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट: बेटांवरच्या देशांत ते हमखास विचारले जाते, कधी कधी निघण्याच्या विमानतळावरच.
• मुक्कामाचे आरक्षण, वाररेषेचा हिशेब करून योग्य तारखेचे.
• पोहोचण्याच्या देशाचा व्हिसा किंवा प्रवेशाची ऑनलाइन नोंद.
• विमान जिथे बदलते त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा, लागत असल्यास.

शेवटच्या मुद्द्याकडे प्रशांत महासागरात विशेष लक्ष द्यावे. होनोलुलू अमेरिकेत आहे, आणि अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी प्रवाशाला प्रवेश तपासणीतून जावे लागते. तिथे व्हिसा किंवा व्हिसामुक्त योजनेची मंजुरी नसेल तर आधीच्या विमानतळावरच विमानात चढू देत नाहीत. म्हणून दोन मार्गांची तुलना करताना अंतर, वेळ आणि भाडे यांच्या शेजारी ‘कोणत्या देशात विमान बदलते’ हा चौथा रकाना आखावा आणि तो भरल्याशिवाय पैसे भरू नयेत.